रक्तगत सूचके आणि स्वमग्नतेचे निदान : एक तार्किक-भाषिक परीक्षण

१

लिओ कॅनर यांचा १९४३ सालचा निबंध स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाहिलेल्या अकरा मुलांचा, म्हणजे आठ मुलगे व तीन मुली यांचा, तो वृत्तान्त आहे. त्यात रक्ताची वा मूत्राची परीक्षा महत्त्वाची नाही; महत्त्वाचे आहे ते मुलांचे वागणे आणि विशेषतः त्यांचे बोलणे. अकरांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन बोलत नव्हती. बोलणारी मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारीत. स्वतःविषयी बोलताना ‘तू’ म्हणत. ‘होय’ म्हणण्याऐवजी विचारलेला प्रश्नच परत म्हणून दाखवीत. १९४६ साली कॅनर यांनी या मुलांच्या वरवर असंबद्ध भासणाऱ्या उक्तींवरच एक स्वतंत्र निबंध लिहिला. अशी उक्ती निरर्थक नसते; ती प्रथम कोणत्या प्रसंगी ऐकली गेली हे कळले की तिचा अर्थ उलगडतो, असे त्यात त्यांनी दाखविले. स्वमग्नता ही संकल्पना अशा रीतीने मुख्यतः भाषेच्या निरीक्षणातून उभी राहिली. ही अवस्था जन्मजात असावी असे कॅनर यांनी त्याच पहिल्या निबंधात सुचविले होते. परंतु तिची शारीरिक खूण त्यांच्यापाशी नव्हती.

ती खूण शोधण्याचा उद्योग गेली साठांहून अधिक वर्षे चालू आहे. रक्तातील रेणूंवरून, आणि अलीकडे विशेषेकरून रोगप्रतिकार यंत्रणेच्या रेणूंवरून, स्वमग्नता ओळखता येईल अशी आशा या संशोधनाच्या मुळाशी आहे. अशा रेणूंना मराठीत ‘जैवसूचक’ हा शब्द रूढ होत आहे. शब्द चांगला आहे. तथापि ‘सूचक’ म्हटले की तीन प्रश्न ओघानेच येतात: सूचित काय होते, कोणत्या नियमाने होते, आणि तो नियम कोठे पारखला गेला? या वाङ्मयातील काही प्रमुख लेखांचे प्रस्तुत परीक्षण या तीन प्रश्नांपुरते मर्यादित आहे. प्रयोगशाळेतील मापनाची अचूकता हा येथील विषय नव्हे. त्या मापनावरून काढलेल्या अनुमानाचा आकार हा विषय आहे.

२

या शोधाचा पहिला टप्पा १९६१ साली आला. शेन आणि फ्रीडमन यांनी २३ स्वमग्न मुलांच्या रक्तातील सेरोटोनिनचे प्रमाण तपासले आणि त्यांतील काही मुलांत ते सातत्याने वाढलेले आढळले. हा निष्कर्ष पुढे अनेकांनी अनेक देशांत पडताळून पाहिला व तो टिकला. स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण चतुर्थांश ते तृतीयांश व्यक्तींच्या रक्तात सेरोटोनिन अधिक असते, हे आज मान्य आहे. या क्षेत्रात इतका जुना आणि इतका टिकाऊ दुसरा निष्कर्ष क्वचितच सापडेल.

तरीही या निष्कर्षातून निदानाची कसोटी निघाली नाही. त्याची दोन कारणे उघड आहेत. पहिले असे की, ज्यांच्यात ही वाढ नाही असे दोन-तृतीयांशाहून अधिक लोक स्वमग्नच राहतात. दुसरे असे की, शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, रक्तात ते प्लेटलेट पेशींमध्ये साठते, आणि रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. रक्तातील वाढ मेंदूतील स्थितीविषयी काय सांगते, हा प्रश्न त्यामुळे खुलाच राहतो.

प्रश्न खुला असतानाही उपचार मात्र सुरू झाले. १९८२ साली तीन मुलांवरील प्राथमिक निरीक्षणांच्या आधारे फेनफ्लुरामीन या औषधाचा पुरस्कार झाला, कारण ते सेरोटोनिन कमी करते. पुढे अनेक केंद्रांत चाचण्या झाल्या. रक्तातील सेरोटोनिन खरोखरच उतरले. वर्तनात मात्र तसा स्थिर लाभ दिसला नाही. हेच औषध वजन घटविण्यासाठी घेणाऱ्या प्रौढांत हृदयाच्या झडपांचे विकार आढळल्यामुळे १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. सूचकाला कारण समजणे ही केवळ तार्किक चूक नसते. तिची किंमत मुलांना मोजावी लागते, हे या प्रकरणाने एकदा दाखवून दिले आहे. म्हणूनच पुढील परीक्षण अनाठायी नाही.

३

रोगप्रतिकार यंत्रणेकडे लक्ष वळण्यास कारणे होती आणि ती सबळ होती. १९६४ सालच्या जर्मन गोवराच्या साथीत गर्भावस्थेतच ज्यांना संसर्ग झाला अशा २४३ मुलांचा न्यूयॉर्क येथील अभ्यास स्टेला चेस यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत स्वमग्नता पूर्ण स्वरूपात व आणखी ८ मुलांत अंशतः आढळली. त्या काळच्या अपेक्षेच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे होते. पुढे डेन्मार्कमध्ये १९८० ते २००५ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून असे दिसून आले की, पहिल्या तिमाहीत विषाणुजन्य संसर्गासाठी अथवा दुसऱ्या तिमाहीत जिवाणुजन्य संसर्गासाठी ज्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, अशा मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे निदान काहीसे अधिक होते. उंदरांवरील प्रयोगांत मातेच्या शरीरातील इंटरल्यूकिन-६ हा रेणू पिलांच्या वर्तनातील बदलास कारण होतो, असे २००७ साली दाखविण्यात आले. गर्भधारणेच्या काळातील प्रतिकारप्रक्रिया आणि मेंदूची घडण यांचा संबंध आहे, एवढे या पुराव्यावरून मानण्यास हरकत नसावी.

परंतु गर्भावस्थेतील घटना आणि चार वर्षांच्या मुलाच्या रक्तातील रेणू या दोहोंत मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्याचा प्रयत्न करणाऱ्या लेखांपैकी तीन विशेष उल्लेखनीय होत.

पहिला लेख २००५ सालचा, वार्गास व सहकाऱ्यांचा. तोही जॉन्स हॉपकिन्स येथूनच आला, आणि योगायोगाने त्यातही अकराच स्वमग्न व्यक्ती आहेत. फरक एवढाच की, येथे त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूची ऊती तपासण्यात आली. मेंदूतील प्रतिकारपेशी उत्तेजित झाल्याची चिन्हे तीत दिसली, आणि एमसीपी-१ व टीजीएफ-बीटा-१ हे रेणू वाढलेले आढळले. दुसरा लेख २०११ सालचा, कॅलिफोर्नियातील अ‍ॅशवुड व सहकाऱ्यांचा. त्यात ९७ स्वमग्न मुले, ८७ सामान्य वाढीची मुले आणि ३९ अन्य विकासविलंब असलेली मुले यांच्या रक्तद्रवाची तुलना असून इंटरल्यूकिन-१-बीटा, ६, ८ व १२ या सायटोकाइनांचे प्रमाण स्वमग्न मुलांत अधिक आढळले. तिसरा लेख २०१५ सालचा, मासी व सहकाऱ्यांचा. तो १७ अभ्यासांचा, म्हणजे ७४३ स्वमग्न व ५९२ अन्य व्यक्तींच्या मोजमापांचा, एकत्रित हिशेब होय. त्यातही इंटरल्यूकिन-१-बीटा, ६ व ८ तसेच एमसीपी-१ वाढलेले आणि टीजीएफ-बीटा-१ घटलेले आढळले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. टीजीएफ-बीटा-१ हा दाह आवरणारा रेणू म्हणून ओळखला जातो. मेंदूच्या ऊतीत तो वाढलेला आहे आणि रक्तात घटलेला आहे. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण रक्त आणि मेंदू ही भिन्न स्थाने आहेत, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या व्यक्ती व रक्त दिलेली मुले याही भिन्न व्यक्ती आहेत. परंतु मग ‘स्वमग्नतेत प्रतिकारयंत्रणा बिघडलेली असते’ या एकाच वाक्याखाली दोन्ही निष्कर्ष परस्परांचे समर्थक म्हणून उद्धृत करता येणार नाहीत. ‘बिघाड’ हा शब्द वाढीलाही लागू पडतो आणि घटीलाही लागू पडतो. म्हणूनच कोणत्याही निरीक्षणाने तो खोटा ठरत नाही. इंग्रजी लेखांत ‘डिसरेग्युलेशन’ या शब्दाचे स्थान नेमके असेच आहे. जो शब्द प्रत्येक निष्कर्षाला सामावून घेतो, तो निष्कर्षांचे ऐक्य सिद्ध करीत नाही. त्यांतील विसंगतीवर पांघरूण घालतो.

मातेच्या रक्तातील प्रतिद्रव्यांविषयीचे संशोधन याहून अधिक काटेकोर आहे. कॅलिफोर्नियातील एका गटाने २०१३ साली, गर्भाच्या मेंदूतील ज्या प्रथिनांवर ही प्रतिद्रव्ये चिकटतात त्यांची ओळख पटविली. त्यांच्या विशिष्ट जोडण्या स्वमग्न मुलांच्या मातांपैकी २३ टक्क्यांत आणि तुलनेच्या गटातील मातांपैकी अवघ्या १ टक्क्यात आढळल्या. हा फरक ठळक आहे. तथापि उरलेल्या ७७ टक्क्यांविषयी ही परीक्षा मौन पाळते, हेही तितकेच ठळकपणे सांगावयास हवे. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या ग्रंथात मुलाच्या स्वमग्नतेचे खापर मातेच्या कोरडेपणावर फोडले होते. शरीरशास्त्रीय संशोधनाने, विशेषतः १९७७ सालच्या फोल्स्टाइन व रटर यांच्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने, तो आरोप निराधार ठरविण्यास साहाय्य केले. शरीरातील कारणांच्या शोधाचे ते मोठेच नैतिक फळ होते. आता मातेच्या रक्तात ‘जोखीम’ दाखविणारा लेख लिहिताना तोच आरोप रेणूंच्या परिभाषेत परत येणार नाही, याची काळजी शब्दयोजनेत घ्यावी लागते. प्रतिद्रव्य असणे हा कोणाचा दोष नव्हे. लेखाच्या सारांशातील एखाद्या क्रियापदाने तो तसा भासू लागतो, आणि वृत्तपत्रात पोचेपर्यंत तर तो दोषच झालेला असतो.

४

या सर्व लेखांतील अनुमानाचा आकार भारतीय वाचकाला अपरिचित नाही. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत धूर हा हेतू, अग्नी हे साध्य आणि पर्वत हा पक्ष. अनुमान टिकते ते व्याप्तीच्या बळावर: जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, आणि जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही. पहिल्या अंगाचा दाखला सपक्षात, म्हणजे स्वयंपाकघरात, मिळतो. दुसऱ्याचा दाखला विपक्षात, म्हणजे सरोवरात, मिळतो. विपक्षातही आढळणारा हेतू सव्यभिचार ठरतो, आणि त्यावरून काढलेले अनुमान कोसळते. रक्तगत सूचकांचे तर्कशास्त्र हेच आहे: वाढलेला रेणू हा हेतू, स्वमग्नता हे साध्य, समोरचे मूल हा पक्ष.

या चौकटीत पाहिले असता पहिली उणीव विपक्षाच्या निवडीत दिसते. बहुसंख्य अभ्यासांत स्वमग्न मुलांची तुलना केवळ निरोगी, सामान्य वाढीच्या मुलांशी होते. २०१७ सालच्या एका बहुचर्चित लेखात मेथिओनिन व फोलेट यांच्या चयापचयाशी संबंधित रेणूंच्या साहाय्याने ८३ स्वमग्न मुलांपैकी ९७.६ टक्के आणि ७६ सामान्य मुलांपैकी ९६.१ टक्के मुले अचूक ओळखली गेली. आकडे थक्क करणारे आहेत. परंतु सरोवरावर धूर नसतो हे दाखवून धुराची परीक्षा पुरी होत नाही. धुके आणि धूळ यांपासून धूर वेगळा ओळखता आला पाहिजे. चिकित्सकाकडे येणारे मूल निरोगी की स्वमग्न असा प्रश्न प्रत्यक्षात क्वचितच पडतो. ते स्वमग्न आहे, की त्याला ऐकू कमी येते, की त्याचा बौद्धिक विकास मंद आहे, की केवळ भाषेचा उगम उशिरा होत आहे, असा तो प्रश्न असतो. म्हणून खरा विपक्ष म्हणजे अन्य विकासविलंबाची मुले. २०११ सालच्या कॅलिफोर्नियातील अभ्यासाचे मोल येथे ध्यानात येते: त्याने हा तिसरा गट घेतला होता. ३९ ही संख्या लहान असली, तरी प्रश्न योग्य होता.

दुसरी उणीव उपाधीची. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे उलटे अनुमान नैयायिक अमान्य करतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर येण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. तो संयोग ही येथील उपाधी. वाढलेला रेणू आणि स्वमग्नता यांच्यामध्ये अशी ओली इंधने किती असू शकतील? इंटरल्यूकिन-६ हा रेणू लठ्ठपणात वाढतो, संसर्गात वाढतो; सायटोकाइनांचे प्रमाण वयानुसारही पालटते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांची झोप अपुरी असते, अनेकांचा आहार दोन-चार पदार्थांपुरता सीमित असतो, अनेकांना औषधे चालू असतात. या गोष्टी स्वमग्नतेबरोबर वावरतात, पण स्वमग्नता नव्हेत. आतड्यांतील सूक्ष्मजीवांविषयीच्या संशोधनात ही उपाधी प्रत्यक्ष उघडकीस आली आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील २४७ मुलांच्या अभ्यासाने असे दाखविले की, सूक्ष्मजीवांतील वैविध्याची घट ही मुख्यतः आहारातील एकसुरीपणाशी निगडित आहे, आणि तो एकसुरीपणा मुलाच्या ठराविक आवडीनिवडींतून येतो. ज्याला कारण समजले जात होते, ते परिणाम निघाले. रक्तातील प्रत्येक सूचकाला हीच परीक्षा लावल्यावाचून त्याला निदानाचा दर्जा देणे उतावळेपणाचे होईल.

तिसरी गोष्ट गणिताची आहे आणि ती साधी आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात ७६ स्वमग्न व ७८ सामान्य मुलग्यांच्या रक्तातील १,१२५ प्रथिने तपासून त्यांतून नऊ प्रथिनांचा एक संच निवडण्यात आला. या संचाने स्वमग्न मुलग्यांपैकी सुमारे ८३ टक्के आणि सामान्य मुलग्यांपैकी सुमारे ८२ टक्के अचूक ओळखले. हे प्रमाण सरसकट सर्व मुलांना लागू पडते असे क्षणभर धरून चालू. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण २०२२ सालच्या पाहणीत ३१ मुलांमागे १ असे नोंदले गेले. म्हणजे हजार मुलांत सुमारे ३२. या ३२ पैकी २७ मुले परीक्षेत सापडतील. उरलेल्या ९६८ पैकी १८ टक्के, म्हणजे सुमारे १७४ मुलांना मात्र ती चुकून स्वमग्न ठरवील. परीक्षेने बोट दाखविलेल्या २०१ मुलांत प्रत्यक्ष स्वमग्न केवळ २७, म्हणजे सुमारे १३ टक्के. ७६ आणि ७८ अशा जवळजवळ समान गटांत जी परीक्षा कुशल भासते, ती गावातील अथवा शाळेतील सर्व मुलांवर चालविली असता असे चित्र उमटते. यात संशोधकांची लबाडी नाही. परंतु ‘८३ टक्के अचूक’ हे शब्द वाचणारा पालक हा हिशेब करीत नाही, आणि तो करून देणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

५

आतापर्यंतची चर्चा हेतूविषयी झाली. साध्याविषयी, म्हणजे ज्या गोष्टीची सूचना व्हावयाची तिच्याविषयी, या वाङ्मयात फारसा विचार नाही. स्वमग्न मुलांचा गट कसा ठरला, हे प्रत्येक लेखात दोन-तीन ओळींत आटोपते: अमुक संहितेनुसार, अमुक मुलाखतीच्या व निरीक्षणाच्या साधनाने. तेथून पुढे तो गट निसर्गानेच आखून दिल्यासारखा गृहीत धरला जातो.

वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेच्या मनोविकारसंहितेत ‘बालस्वमग्नता’ हा स्वतंत्र वर्ग १९८० साली आला. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत अनेक उपवर्ग एकाच छत्राखाली आणले गेले. वर्गाच्या सीमा अशा प्रकारे एका पिढीत अनेकदा सरकल्या. २०१२ सालचा लॉर्ड व सहकाऱ्यांचा लेख या बाबतीत उद्बोधक आहे. अमेरिका व कॅनडातील बारा विद्यापीठीय केंद्रांत दोन हजारांहून अधिक मुलांचे निदान झाले. मोजणीच्या साधनांनी मिळालेले गुण केंद्रागणिक बरेचसे सारखे होते. परंतु त्या गुणांवरून तज्ज्ञांनी मुलांना कोणत्या उपवर्गात घातले, यात मात्र केंद्राकेंद्रांत लक्षणीय तफावत होती. साध्याची सीमा निरीक्षकानुसार सरकत असेल, तर हेतू कितीही सूक्ष्म मोजला तरी व्याप्ती त्या सीमेहून अधिक निश्चित होऊ शकत नाही. रक्तातील सूचकाची सत्यता ज्या निदानाशी ताडून ठरविली, त्याच निदानाला तो सूचक पुढे बाजूस सारील, अशी अपेक्षा करणे चक्रक दोषाला आमंत्रण देणे होय.

हे निदान भाषेच्या वर्णनावर किती अवलंबून आहे, हे भारतीय साधनावरूनही दिसते. स्वमग्नतेच्या मापनाची भारतीय मोजपट्टी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केली असून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती वापरली जाते. तीत सहा क्षेत्रांत विभागलेली ४० कलमे आहेत. त्यांतील एक संपूर्ण क्षेत्र वाणी, भाषा व संप्रेषण यांचे आहे. ऐकलेल्या बोलाचा प्रतिध्वनी आणि सर्वनामांची उलटापालट ही कलमे त्यात येतात. ही लक्षणे कॅनर यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत नोंदली होती. इंग्रजीत कर्त्याचे सर्वनाम सहसा वगळता येत नाही, म्हणून ‘मी’च्या जागी ‘तू’ आला की तो कानाला तत्काळ खटकतो.

मराठीची रचना निराळी आहे. घरातील आई मुलाला ‘तुला पाणी हवं का?’ असे क्वचितच विचारते. ‘पाणी हवं का?’ असे विचारते. तहानलेले मूल तेच वाक्य परत उच्चारू लागले, तर त्यात सर्वनामच नसल्यामुळे उलटापालट नोंदता येणार नाही. प्रतिध्वनीची खूण केवळ ‘का’ या शेवटच्या शब्दात उरेल. ‘जेवतोस का?’ या प्रश्नाच्या प्रतिध्वनीत सर्वनाम नसले, तरी द्वितीयपुरुष क्रियापदाच्या ‘स’ या प्रत्ययात असतो. ‘आपण आता झोपायचं हं’ हे वाक्य मुलाने जसेच्या तसे म्हटले, तर ते चूक की बरोबर हेच ठरविता येत नाही, कारण ‘आपण’मध्ये बोलणारा व ऐकणारा दोघेही सामावतात. उलटपक्षी, मराठीत एक खूण इंग्रजीहून अधिक आहे. आईचे ‘मी येते’ हे वाक्य मुलग्याने तसेच उचलले, तर क्रियापदातील लिंग त्याचा उगम उघड करते. मात्र अनेक लहान मुलगे आईच्या बोलीच्या प्रभावाने काही काळ असेच बोलतात. म्हणून ही खूण कोणत्या वयापासून अर्थपूर्ण मानावी, हे सामान्य मुलांच्या भाषेच्या नोंदींवरूनच ठरविता येईल. ज्या कलमात फक्त ‘सर्वनाम’ लिहिले आहे, तेथे या चारही गोष्टी परीक्षकाच्या समजुतीवर सोडलेल्या असतात. परिणामी दोन परीक्षक एकाच मुलाला निरनिराळे गुण देऊ शकतील. आणि त्या गुणांच्या आधारे आखलेल्या गटाच्या रक्तात पुढे कोणी सूचक शोधील, तेव्हा भाषेच्या वर्णनातील ही ढिलाई रेणूंच्या आकड्यांत निमूटपणे उतरेल.

६

या परीक्षणाचा अर्थ रक्तातील शोध व्यर्थ आहे असा नाही. तो कोणत्या प्रश्नाला विचारला जावा, एवढाच येथे वाद आहे. ‘हे मूल स्वमग्न आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देणारी, सर्वमान्य झालेली एकही रक्तपरीक्षा आज उपलब्ध नाही. आणि वरील कारणांमुळे ती या मार्गाने मिळण्याची आशाही फारशी दिसत नाही. परंतु ‘स्वमग्न म्हणून ओळखलेल्या मुलांपैकी कोणत्या मुलांत शरीराची कोणती प्रक्रिया निराळी आहे?’ हा प्रश्न सर्वस्वी वेगळा व अधिक फलदायी आहे. या दुसऱ्या वाटेने जाणारे लेख आकड्यांत नम्र दिसतात, पण तर्कात भक्कम असतात. अमेरिकेतील ५१६ स्वमग्न व १६४ सामान्य मुलांच्या चयापचयाच्या अभ्यासाने २०१९ साली अमिनो आम्लांच्या असंतुलनाचे काही नमुने वेगळे काढले. ते स्वमग्न मुलांपैकी केवळ १६.७ टक्क्यांतच आढळले, परंतु सामान्य मुलांत अत्यल्प होते. या लेखाने सर्व स्वमग्नतेची किल्ली सापडल्याचा दावा केला नाही. एक लहान उपगट दाखविला. मातेच्या प्रतिद्रव्यांचे २३ टक्केही याच दृष्टीने वाचले, तर त्यांचे मोल कमी न होता वाढते.

२०११ सालच्या अभ्यासातील एक निरीक्षण या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. सायटोकाइनांची वाढ सर्व स्वमग्न मुलांत सारखी नव्हती. आधी आलेली वाचा व कौशल्ये ज्यांनी पुढे गमावली, अशा मुलांत ती प्रामुख्याने होती. आणि ज्यांच्यात ती अधिक होती, त्यांची संप्रेषणातील अडचणही अधिक होती. रक्तातील फरकाला अर्थ प्राप्त झाला तो, वाचा कधी आली, कधी गेली व आज तिची स्थिती काय, हे कोणीतरी काळजीपूर्वक नोंदविले म्हणून. कॅनर यांनी १९४६ साली मुलांच्या उक्तींविषयी जे दाखविले, तेच येथे रेणूंविषयी खरे ठरते: खुणेचा अर्थ तिच्या इतिहासावाचून लागत नाही.

यावरून भाषाशास्त्राच्या अभ्यासकांवर एक जबाबदारी येते. मराठी बोलणाऱ्या मुलांत पुरुषवाचक प्रत्यय, ‘आपण’चा वापर आणि क्रियापदातील लिंगाचा मेळ ही कोणत्या वयात व कोणत्या क्रमाने स्थिर होतात, याची नोंद बोलीभेदासह हवी. नागपूरच्या, कोल्हापूरच्या आणि मालवणच्या घरांतील बोलणे एकसारखे नाही. शिवाय शहरांतील अनेक मुले दोन वा तीन भाषा एकदम ऐकतात. अशी नोंद हाताशी असेल, तरच प्रतिध्वनी कोठे संपतो आणि भाषाविकासाची सामान्य पायरी कोठे सुरू होते हे सांगता येईल. सूचक शोधणाऱ्या प्रयोगशाळेला महाराष्ट्रातील मुलांचे रक्त उद्या हवे असेल. त्या रक्ताच्या कुपीवर जी चिठ्ठी चिकटवावयाची, तिच्यावरील शब्द आज नीट लिहिले गेले पाहिजेत. तोवर एखाद्या पालकाच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल ठेवून निदान झाल्याचे कोणी सांगितले, तर त्याला तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या पालकास आहे: ही परीक्षा कोणत्या मुलांच्या तुलनेत पारखली गेली, आहार-झोप-औषधे यांचा हिशेब झाला काय, आणि तुलनेतील मुलांना स्वमग्न कोणी व कोणत्या भाषेतील बोलण्यावरून ठरविले?